मुलांच्या मोबाइल-वापराला वळण लावताना : नव्याने सुरुवात करणाऱ्या पालकांसाठी

मोबाइल काढून घेतला की मूल दोन दिवस रडते, तिसऱ्या दिवशी आजीचा फोन शोधून काढते आणि चौथ्या दिवशी कामाच्या गडबडीत आपणच तो पुन्हा त्याच्या हातात देतो. बहुतेक घरांत शिस्तीचा पहिला प्रयत्न असाच संपतो आणि मग ‘आमचा मुलगा ऐकतच नाही’ असे म्हणून विषय सोडून दिला जातो. माझ्या मते यात मुलाच्या हट्टापेक्षा नियमाचा दोष अधिक असतो. ‘रोज एकच तास’ हा नियम सांगायला सोपा असला तरी पाळायला फार अवघड आहे. कारण तो तास कोठून मोजायचा, शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला गृहपाठाचा व्हिडिओ त्यात धरायचा की नाही, मामाशी झालेला व्हिडिओ कॉल वजा करायचा का, यांवर रोज नव्याने वाद होतो आणि त्या वादात दमलेले आईवडील हरतात. ‘जेवताना फोन नाही’ किंवा ‘रात्री फोन उशाशी नाही’ हे नियम मात्र पाळले गेले की नाही, ते घरातल्या कोणालाही एका नजरेत कळते आणि त्यात घासाघीस करायला फारशी जागा उरत नाही. म्हणून मिनिटे मोजण्याआधी फोनची जागा आणि फोन बंद असण्याची वेळ ठरवावी. पुढील सर्व पायऱ्या याच विचाराने मांडल्या आहेत.

पहिली पायरी : आठवडाभर नुसते पाहणे

पहिल्या आठवड्यात कोणताही नवा नियम लावू नये. एका वहीत रोज रात्री चार ओळी लिहाव्यात : मुलाच्या हातात फोन केव्हा आला, तो त्याने मागितला की आपण दिला, त्यावर काय पाहिले, आणि फोन परत घेताना काय घडले. अँड्रॉइड फोनमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ आणि आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’ या सेटिंगमध्ये कोणते ॲप किती वेळ उघडे होते हे आपोआप नोंदवलेले असते. मात्र ‘कशासाठी’ हा रकाना यंत्र भरू शकत नाही, तो आपणच भरायचा असतो. आईवडिलांनी स्वतःच्या फोनचे आकडेही याच वहीत लिहावेत आणि ते मुलांना दिसू द्यावेत.

आठवड्याअखेरीस वही वाचली की बहुतेक घरांत दोन-तीन ठरावीक वेळा उघड होतात. लहान मुलाच्या बाबतीत त्या सहसा जेवणाच्या, आईच्या स्वयंपाकाच्या आणि प्रवासाच्या असतात. मोठ्या मुलांच्या बाबतीत शाळेतून आल्यानंतरचा आणि अंथरुणात पडल्यानंतरचा तास ठळकपणे दिसतो. सगळे एकदम बदलायचे नाही. यांपैकी एकच वेळ निवडायची आणि दोन आठवडे फक्त तिच्यावरच काम करायचे.

वयाप्रमाणे किती, हे एकदा समजून घ्यावे

मिनिटे मोजू नयेत म्हणजे मर्यादाच नसावी, असा याचा अर्थ नाही. इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या देशव्यापी संघटनेने २०२१ मध्ये याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवूच नये, अपवाद फक्त नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा; दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या सोबतीने आणि जितका कमी तितका बरा; पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दोन तासांच्या आत. दहा वर्षांपुढे मात्र या संघटनेने मिनिटांपेक्षा समतोलावर भर दिला आहे : रोजचा किमान तासभर मैदानी खेळ, आठ-नऊ तासांची झोप, अभ्यास, जेवण, छंद, मित्रमंडळी आणि घरच्यांसोबतचा वेळ यांपैकी कशाचाही बळी जात असेल, तर पडद्याचा वेळ कमी करावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनाही पाच वर्षांखालील मुलांसाठी जवळपास हेच सांगतात.

हे आकडे दिशा कळण्यासाठी आहेत. आज चार तास पाहणाऱ्या सात वर्षांच्या मुलाला उद्यापासून दोन तासांवर आणण्याचा अट्टहास केला, तर सुरुवातीला सांगितलेला चौथा दिवस पुन्हा उगवतो.

जेवणाचे ताट

लहान मूल असलेल्या घरात पहिली वेळ जेवणाचीच निवडावी, असा माझा आग्रह आहे. दीड-दोन वर्षांचे मूल मांडीवर असते, समोर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेल्या फोनवर गाणे चालू असते, घास जवळ आला की तोंड उघडते आणि घास आत जातो. मूल घासाकडे पाहत नाही. भात गरम आहे की गार, आज वरण आहे की कढी, हे त्याच्या लक्षात येत नाही. आणि पोट भरल्यावर मान फिरवण्याची जी उपजत खूण असते, तीही पडद्यावर खिळलेल्या नजरेमुळे दिली जात नाही. वाटी रिकामी होते याचे समाधान मोठ्यांना मिळते, पण भूक लागणे, चव कळणे आणि पोट भरल्याचे ओळखणे या तीन गोष्टी शिकण्याची संधी त्या मुलाला नाकारली जाते.

ही सवय सोडवायची तयारी ताटावर बसण्याच्या बरीच आधी सुरू होते. जेवणाआधीचे दोन तास बिस्किट, दूध किंवा कुरकुरीत पाकिटातले काहीही देऊ नये, म्हणजे भूक लागलेली असते. मुलाला वेगळे भरवण्याऐवजी घरातल्या एकातरी मोठ्या माणसाबरोबर पंगतीला बसवावे आणि त्याच्या ताटलीत पोळीचे तुकडे, उकडलेल्या बटाट्याची किंवा गाजराची फोड असे हाताने उचलता येईल असे काही ठेवावे. सांडलवंड होईल, ती होऊ द्यावी. वीस-पंचवीस मिनिटांनंतर ताट शांतपणे उचलावे. मागे लागून, दारात नेऊन, काऊ-चिऊ दाखवून अखेरचे चार घास भरवण्याची धडपड करू नये. पहिले तीन-चार दिवस मूल कमी जेवते आणि याच दिवसांत बहुतेक घरे माघार घेतात. एरवी निरोगी असलेल्या मुलाने चार दिवस थोडे कमी खाल्ल्याने बिघडत नाही. वजन आधीपासूनच कमी असेल किंवा आजारपण नुकतेच झाले असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांशी बोलूनच सुरुवात करावी.

मोठ्यांचे फोनही त्या वेळी ताटाजवळ नसावेत, हे सांगण्याची खरे तर गरज नसावी. मूल आपले बोलणे नंतर ऐकते, आधी आपल्याला पाहते.

घराची वेळ, सगळ्यांची वेळ

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. कोरोनाच्या काळात ऑनलाइन शाळेसाठी हातात आलेले फोन शाळा पूर्ववत झाल्यावरही सुटेनात, तेव्हा २०२२ मध्ये या गावाने ठरवले की रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठ वाजता तो पुन्हा वाजेपर्यंत घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद राहतील. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी वाचन किंवा गप्पा. या प्रयोगातले महत्त्वाचे सूत्र असे की नियम मुलांपुरता नव्हता. मालिकाही बंद आणि मोठ्यांचे फोनही बंद. सातवीतल्या मुलाला ‘तू फोन ठेव’ असे सांगणारा बाप स्वतः रील पाहत बसला, तर तो नियम राहत नाही, ती केवळ सत्ता उरते आणि मुलांना हा फरक फार लवकर कळतो.

भोंगा आपल्या सोसायटीत वाजणार नाही, पण घरापुरता तास ठरवता येतो. अर्ध्या-पाऊण तासापासून सुरुवात करावी आणि तो रोज त्याच वेळी असावा. ज्यांच्या नोकरीत संध्याकाळी फोन उचलावाच लागतो, त्यांनी तो उचलावा, बोलणे झाल्यावर परत जागेवर ठेवावा. मुलांना काम आणि करमणूक यांतला फरक समजतो.

दुसरी वेळ रात्रीची. घरातले सगळे फोन झोपण्याआधी एक तास एकाच ठिकाणी चार्जिंगला लावले जावेत आणि ते ठिकाण झोपण्याच्या खोलीबाहेरचे असावे. ज्या घरात खोलीच एक आहे, तेथे स्वयंपाकाच्या ओट्याच्या टोकाला किंवा उंच फळीवर ही जागा करता येते. अंथरुणातून हात पोहोचू नये, एवढेच पाहायचे. ‘फोन गजरासाठी लागतो’ ही सबब प्रत्येक घरात येते, त्यासाठी गजराचे साधे घड्याळ विकत आणावे. झोपेआधीच्या पडद्याच्या उजेडामुळे शरीरात मेलाटोनिन हे झोपेचे संप्रेरक तयार होण्यास उशीर होतो, आणि त्याहूनही अधिक त्रासदायक गोष्ट अशी की मित्रांच्या ग्रुपवर चाललेले बोलणे मध्येच सोडवत नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. सकाळी सातची शाळा आणि रात्री बारापर्यंत चालणारा फोन यांचे गणित कोणत्याही प्रकारे जुळत नाही.

बंद करण्याचा क्षण

भांडण सहसा फोन देताना होत नाही, ते घेताना होते. म्हणून त्या क्षणाची तयारी आधीच करावी लागते. मुलाला ‘वीस मिनिटे’ म्हणजे किती हे कळत नाही, पण ‘दोन गोष्टी’ किंवा ‘एक भाग’ हे कळते. त्यामुळे पाहायला बसण्याआधीच काय आणि किती हे ठरवावे, यूट्यूबवर पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू करणारे ‘ऑटोप्ले’ बटण बंद करावे, आणि शेवटची दोन मिनिटे स्वतः मुलाशेजारी जाऊन बसावे. ‘हा कोण? हा का पळतोय?’ असे एक-दोन प्रश्न विचारले की मूल पडद्यातून थोडे बाहेर येते आणि आपल्याशी बोलू लागते. मग बटण त्यालाच दाबू द्यावे. पुढे काय करायचे आहे, हेही हाताशी हवे. ‘आता बंद कर’ एवढेच म्हटले तर मुलासमोर पोकळी उभी राहते, ‘आता खाली जाऊन दूध घेऊन येऊ’ म्हटले की त्याचे पाय हलतात.

किशोरवयीन मुलांच्या बाबतीत खेळ नेमका कोणता आहे, हे पालकांनी जाणून घ्यावे. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या मोबाइलवर संघाने खेळायच्या लढाईच्या खेळासारख्या खेळातली एक मोठी मॅच साधारण पंचवीस-तीस मिनिटे चालते, ती मध्ये थांबवून ठेवता येत नाही, आणि एकजण निघून गेला तर संघातल्या बाकीच्या मित्रांचे नुकसान होते. मॅचच्या मध्यावर फोन हिसकावून घेणे म्हणजे मुलाच्या दृष्टीने मित्रांसमोर झालेली मानहानी असते. त्याऐवजी ‘साडेसातनंतर नवी मॅच सुरू करायची नाही’ असा नियम ठरवावा. तो मुलाला न्याय्य वाटतो, म्हणून टिकण्याची शक्यताही अधिक असते.

रील आणि शॉर्ट्स यांचा प्रश्न वेगळा आहे, कारण त्यांना शेवटच नसतो. संपणारी गोष्ट आणि न संपणारी गोष्ट असा फरक घरात उघडपणे बोलला जावा. बैठकीच्या खोलीत सगळ्यांनी मिळून पाहिलेला अडीच तासांचा चित्रपट हा मुलाने कोपऱ्यात एकट्याने पाहिलेल्या अर्ध्या तासाच्या रील्सपेक्षा मला कितीतरी पटीने बरा वाटतो.

फोनमधली कुलपे

सेटिंग हा आधार आहे, त्याच्यावर सगळा भार टाकू नये. लहान मुलांसाठी यूट्यूब किड्समध्ये पालकांनी निवडलेलेच व्हिडिओ दिसतील अशी सोय आहे आणि वेळ संपल्यावर ॲप बंद करणारा टायमरही आहे. गूगलच्या ‘फॅमिली लिंक’मधून मुलाच्या अँड्रॉइड फोनची झोपेची वेळ ठरवता येते आणि नवे ॲप घेण्याआधी आपली परवानगी मागितली जाते. प्ले स्टोअरवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारला जाईल असे करावे आणि यूपीआयचा पिन मुलांसमोर टाइप करू नये. ही कुलपे मुलाला सांगून लावावीत. लपून लावलेले कुलूप उघडण्यात मुलांना अधिक रस असतो.

मोकळ्या झालेल्या वेळाचे काय

फोन गेल्यावर पहिले काही दिवस मूल ‘कंटाळा आला’ असे दर दहा मिनिटांनी सांगते. प्रत्येक वेळी नवा उद्योग पुरवायला धावू नये. कॅरम, पत्ते, रंगपेटी, जुनी वर्तमानपत्रे, दोरी, किशोर मासिकाचे अंक असे काही हाताच्या अंतरावर ठेवावे आणि वाट पाहावी. सगळ्यांत मोलाची गोष्ट मात्र घराबाहेर आहे. दिवसाच्या उजेडात रोज दीड-दोन तास घालवणाऱ्या मुलांमध्ये चष्मा लागण्याचे, म्हणजे लांबचे कमी दिसण्याचे प्रमाण कमी असल्याचे नेत्रतज्ज्ञांच्या अभ्यासांत दिसून आले आहे. इतका उजेड ट्यूबलाइटखाली मिळत नाही. शिकवण्यांच्या वेळा ठरवताना संध्याकाळचा उजेडाचा तास शिल्लक राहतो का, हे आधी पाहावे. मैदान नसेल तर गच्ची, इमारतीचे आवार किंवा शाळेतून पायी परत येणेही चालेल. पडद्यासमोर बसावेच लागले, तर दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहण्याची सवय डोळ्यांचा ताण हलका करते.

तेरा वर्षांनंतर

या वयात वरून लादलेला नियम टिकत नाही, करार टिकतो. एका कागदावर दोन रकाने करावेत आणि लिहिण्याचे काम मुलाकडेच द्यावे. एका बाजूला त्याची कबुली : रात्रीचा फोन बाहेर, जेवताना बंद, अभ्यासाच्या टेबलावर नोटिफिकेशन बंद. दुसऱ्या बाजूला आपली : चुलत भावंडांसमोर तुला फोनच्या वापरावरून बोलणार नाही, तुझे मेसेज लपून वाचणार नाही, तुला विचारल्याशिवाय तुझे फोटो स्टेटसला ठेवणार नाही. महिन्यातून एकदा कागद पुन्हा वाचावा आणि जो नियम दोघांनाही जाचक वाटतो तो बदलावा. दहावी-बारावीत व्याख्याने आणि नोट्स फोनवरच येतात, हे मान्य करावे. व्याख्यान आधी डाउनलोड करून इंटरनेट बंद ठेवणे आणि बालभारतीच्या संकेतस्थळावरचे पाठ्यपुस्तक हवे तेथे छापून घेणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

इन्स्टाग्रामवर अठरा वर्षांखालील मुलांची खाती आपोआप खाजगी होतात, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन शांत राहतात आणि सोळा वर्षांखालील मुलांना ही बंधने सैल करायला पालकांची परवानगी लागते. हे सगळे खाते उघडताना खरे जन्मवर्ष दिले असेल तरच खात्रीने लागू होते. अनेक घरांत मुलाचे वय वाढवून आईवडिलांनीच खाते उघडून दिलेले असते. आधी ते दुरुस्त करावे.

पैशांच्या खेळांबद्दल स्पष्ट बोलावे. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे, तरीही अनोळखी लिंकवरून आलेली ॲप्स मुलांपर्यंत पोहोचू शकतात, म्हणून बँकेचे मेसेज नियमित पाहावेत.

आणि एक वाक्य प्रत्येक आईवडिलांनी मुलाला संकट येण्याच्या आधीच सांगून ठेवावे : “तुझ्याकडून काहीही झाले असले, कोणी तुझा फोटो दाखवून धमकावत असले, तरी आमच्याकडे ये, आम्ही रागावणार नाही आणि तुझा फोनही काढून घेणार नाही.” पुष्कळ मुले धमकी सहन करत गप्प बसतात, कारण सांगितले तर फोन जाईल ही भीती त्यांना धमकीपेक्षा जवळची वाटते. असे काही घडलेच, तर धमकावणाऱ्याला पैसे देऊ नयेत, संभाषण पुसू नये, त्याचे स्क्रीनशॉट घ्यावेत आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी. पैसे गेले असतील, तर विनाविलंब सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या क्रमांकावर फोन करावा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

आजी-आजोबांची साथ

दुपारभर नातवंडे सांभाळणाऱ्या माणसांना ‘त्याला फोन देऊ नका’ असे ऐकवणे उद्धटपणाचे होते आणि त्याचा उपयोगही होत नाही, कारण त्यांनाही दोन घटका पाठ टेकायची असते. “बाबा, साडेपाचला तुम्ही त्याला खाली बागेत न्याल का? तोवर मी येतेच,” किंवा “आई, दुपारी तुम्ही पडलात की त्याला रंगपेटी द्या, मी कपाटात काढून ठेवली आहे,” असे म्हटले की नियमाबरोबर त्यांची सोयही पाहिली जाते. सुट्टीत गावी गेल्यावर घडी विस्कटते. ताट आणि रात्र हे दोन नियम तेवढे सांभाळावेत, बाकीचे परत आल्यावर पाहता येते.

मदत केव्हा घ्यावी

जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनाला आजारांच्या वर्गीकरणात स्थान दिले आहे. त्यासाठी खेळावरचा ताबा सुटणे, बाकी सर्व गोष्टींपेक्षा खेळच महत्त्वाचा होणे, आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे अशी लक्षणे सहसा वर्षभर दिसावी लागतात. सुट्टीत तीन आठवडे भरपूर खेळलेला मुलगा या व्याख्येत बसत नाही. शाळेत जाणे बंद होणे, आंघोळ आणि जेवण टाळणे, फोन घेतल्यावर मारहाण किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा, मित्रांपासून पूर्ण तुटणे, यांपैकी काही दिसले तर मात्र वर्षभर थांबू नये. बऱ्याचदा फोन हे कारण नसते. शाळेतला छळ, नापास होण्याची भीती किंवा उदासीनता आधी आलेली असते आणि मूल त्या त्रासापासून लपायला पडद्यामागे जाते. म्हणून वर्गशिक्षकांशी बोलावे आणि बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांची भेट घ्यावी. बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून स्वतंत्र क्लिनिक चालते. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, त्यावर मराठीतून बोलता येते, फोनचे पैसे पडत नाहीत आणि मूल बोलायला तयार नसेल तर आईवडिलांनी स्वतःच्या सल्ल्यासाठी फोन केला तरी चालतो.